एसटीची पिशवी

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हुल्सब्रूक या डच गावातल्या मुलींच्या फुटबॉल संघात आठ मुली उरल्या. फुटबॉलला अकरा लागतात. दोघींना आयांनी करोनाच्या धास्तीने घरी बसवलं होतं, एक हॉकीला गेली होती आणि एकीला वडिलांनी घोडा घेऊन दिला होता. हॉकीवाली एखादवेळी परत येते. घोडेवाली येत नाही. चार किलोमीटरवरच्या एल्डरलो गावात सातच मुली उरल्या होत्या. तिथे घोडे जास्त होते.

आठ आणि सात पंधरा. एरवी एकमेकांच्या गावातून पावसुद्धा विकत न घेणाऱ्या या दोन गावांच्या कमिट्या तीन वेळा व्हिडिओवर बसल्या आणि पंधरा वर्षांखालच्या मुलींपुरतं एक व्हायचं ठरलं. शर्ट हुल्सब्रूकचे पांढरे, चड्ड्या एल्डरलोच्या लाल. साखळीही बदलली. इतके दिवस सायकलने जाता येईल अशा गावांशी सामने व्हायचे, आता ब्रेडाच्या बाजूच्या संघांशी होणार होते.

नव्या संघाचं नाव शनिवारी सकाळी फोनवर आलं. श्यामकांतने ते वाचलं आणि त्याचा चहा नाकात गेला.

"अगं शुभदा, आपली शलाका एसटीत लागली."

"कशात?"

"एसटी हुल्सब्रूक–एल्डरलो. दोन गावं मिळून संघ केला की इथे नावाआधी एसटी लावतात म्हणे."

शुभदा मागच्या दारात उकिडवी बसून सात नंबरच्या शर्टावरचा वाळलेला चिखल ब्रशने काढत होती. तिने मान वर केली नाही. श्यामकांतचा धाकटा भाऊ दिलीप करमाळा आगारात कंडक्टर होता आणि पंधरा दिवस संपावर होता. तेव्हा एसटी या शब्दावर घरात हसायचं की नाही, हे ठरलेलं नव्हतं.

"आणखी एक मेसेज आहे," श्यामकांत म्हणाला.

"वाचा की."

"आजपासून मैदानात प्रेक्षक बंद. आईबापसुद्धा. संघाबरोबर दोनच मोठी माणसं आत. एक ट्रेनर, एक पिशवीवाला."

"मग ठीक आहे," शुभदा म्हणाली. "मी आहेच आत."

"ट्रेनर हुल्सब्रूकचा ठेवलाय. योरिस." त्याने चष्मा काढून पुसला. "म्हणून पिशवी एल्डरलोकडे दिलीय. कुणी समता म्हणून आहे. आपल्याकडचीच दिसतेय."

शुभदाचा ब्रश थांबला.

पिशवी म्हणजे वासटास, धुण्याची पिशवी. निळी, नायलॉनची, आत वासरू मावेल एवढी. सामना संपला की पंधरा पोरींचे घामट, चिखलट कपडे त्यात कोंबायचे, घरी न्यायचे, धुवायचे आणि पुढच्या शनिवारी आणायचे. पाच वर्षांपूर्वी शलाकाला क्लबात घातलं तेव्हा शुभदाला इथे येऊन चार महिने झाले होते. गावात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. दुसऱ्याच शनिवारी तेव्हाच्या ट्रेनरने ही पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि तो हसून म्हणाला, "ये माख दे वास दून."

भाषेच्या वर्गात 'माख' त्याच आठवड्यात झालं होतं. माख म्हणजे परवानगी. इथे गाडी लावायला माख. कुत्र्याला आत यायला माख नाही. तेव्हा अर्थ सरळ होता. तुला आमचे कपडे धुवायची परवानगी आहे. चार महिन्यांत कुणी तिला कसलीच परवानगी दिली नव्हती. इथल्या नगरपालिकेने तर तिच्या जन्मदाखल्यावर शिक्का नाही म्हणून तिच्या जन्मालाही दिली नव्हती. तिने पिशवी उचलली ती पाच वर्षं खाली ठेवली नाही.

पिशवीची चेन दुसऱ्या वर्षी गेली. तिने तोंडाला भोकं पाडून परकराची पांढरी नाडी ओवली. तेव्हापासून हुल्सब्रूकच्या मुलींचा फुटबॉल परकराच्या नाडीवर चालला होता.

सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. व्हिडिओ कॉल असला की शुभदा शर्टांची दोरी कॅमेऱ्यामागे घ्यायची. एकदा दोन नंबर दिसला तेव्हा श्यामकांतने सांगितलं, "ऑफिसचा आहे." त्याच्या ऑफिसातल्या लोकांना मात्र सगळं माहीत होतं. टिलबर्गच्या लॉजिस्टिक कंपनीत तो सॉफ्टवेअर बघायचा, दीड वर्ष घरूनच, आणि वाळत घालायला जागा त्याच्याच खोलीत होती. मीटिंगमध्ये त्याच्या डोक्यामागे अकरा शर्ट नंबराने लटकलेले असायचे. एका मॅनेजरने त्याला विचारलं होतं, की तू हे सगळं एकटाच खेळतोस का.

*

वीस तारखेला पहिला एकत्र सराव होता. शुभदा सकाळी सहा ते बारा लीकच्या शेडवर गेली. लीक म्हणजे अंगठ्याएवढी कांद्याची पात मनगटाएवढी झालेली. शेतातून ट्रेलर भरून यायचे. मुळं छाटायची, बाहेरचं पान ओढायचं, पाण्याच्या फवाऱ्याखाली धरायचं, पट्ट्यावर टाकायचं. रबरी हातमोज्यात पाणी शिरलं की बोटं आधी दुखायची, मग दुखायची थांबायची, आणि घरी आल्यावर पुन्हा सुरू करायची. तिन्ही ऋतूंत शेडमध्ये एकच हवा असायची. ओली.

बाराला ती घरी आली, कपडे बदलले, पिशवी सायकलच्या मागे बांधली आणि मैदानावर गेली. आभाळ धुतल्या फडक्यासारखं करडं होतं. फाटकापाशी एक बाई उभी होती. आखूड केस, पिवळा रेनकोट, मास्क डोळ्यांपर्यंत.

"शुभदाताई ना? मी समता. नागपूरची. टिलबर्गला विद्यापीठात असते, लॅबमध्ये. मेधाची आई."

"हं." शुभदाने पिशवी खाली ठेवली, पण हात काढला नाही. "वजन आहे हं. जमेल का?"

"जमेल की. हे काय, परकराची नाडी?"

"चेन गेलीय."

"भारीच."

हे 'भारीच' कौतुकाचं होतं की कसलं, ते मास्कमुळे कळलं नाही. शुभदाने सांगायच्या गोष्टी मनात लावून ठेवल्या होत्या. चिखल आधी वाळू द्यायचा, मग झटकायचा. मोजे उलटे करून टाकायचे. गोलकीपरचा शर्ट वेगळा. हे तिने सगळं सांगितलं. लाल चड्ड्या पांढऱ्या शर्टांबरोबर मशीनमध्ये टाकायच्या नाहीत, नव्या लालचा रंग जातो, हे तिने सांगितलं नाही. जिभेपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं.

"आणखी काही?" समताने विचारलं.

"नाही," शुभदा म्हणाली. "बाकी सोपं आहे."

घरी येताना सायकल हलकी लागत होती आणि तिला तोल सांभाळता येत नव्हता. पाच वर्षं मागच्या वजनाची सवय.

*

पहिला सामना सत्तावीसला होता. फाटकावर पीटर यादी घेऊन उभा होता. पीटर म्हणजे गोलकीपरचा बाप. त्याच्याकडे नव्वद गायी होत्या आणि तो माणसांशीही हळू, दमाने बोलायचा.

"शुभदा, तू यादीत नाहीस."

"मी पाच वर्षं येते पीटर."

"हो. पण यादीत नाहीस."

बाकीचे आईबाप रांगेने लावलेल्या गाड्यांत बसून थर्मासमधली कॉफी पीत होते आणि मुलींनी मध्यंतरात मेसेज करायची वाट बघत होते. त्यांना काही फरक पडलेला दिसत नव्हता. एकीने तर सीट मागे टाकून डोळे मिटले होते. शुभदाकडे गाडी नव्हती. ती मैदानाच्या मागच्या बाजूला गेली. तिथे बीच नावाच्या झाडांचं कुंपण, पुरुषभर उंच, वाळलेली तांबडी पानं तशीच धरून उभं असलेलं. अलीकडे मेंढ्यांचं कुरण. तिने पानांत दोन बोटं घालून फट केली.

ती वाट बघत होती गुलाबी शर्टांची. आठवडाभर तिने ते डोळ्यांसमोर आणले होते. पंधरा गुलाबी मुली, योरिसने डोक्याला लावलेला हात, आणि मग कुणीतरी म्हणणार, शुभदाच्या वेळी असं कधी झालं नाही.

मुली खोलीतून पळत बाहेर आल्या.

शर्ट पांढरे होते. नुसते पांढरे नाहीत. तिने कधी काढले नव्हते एवढे पांढरे. त्या करड्या उजेडात ते जरा निळसर मारत होते.

"नीळ," शुभदा मोठ्याने म्हणाली. एक मेंढी वळून बघायला लागली. "नीळ घातलीय बाईनं."

नीळ कुठून आणली हिने? अ‍ॅमस्टेलव्हीनच्या भारतीय दुकानात शुभदाने तीनदा विचारलं होतं. तिथे पापड होते, गूळ होता, नीळ नव्हती. दुकानदाराने शेवटी तिला निळीऐवजी काळे चणे घ्यायला लावले होते.

सामना कोण जिंकत होतं याकडे तिचं लक्ष नव्हतं. मध्यंतर झालं. शलाका बाकावर बसली. वेणी सुटून केस तोंडावर आले होते. पिवळा रेनकोट बाकामागे येऊन उभा राहिला. समताने शलाकाचे केस दोन्ही हातांत घेतले, बोटांनी मोकळे केले, तीन पेड पाडले आणि वेणी घातली. शलाकाने मान मागे टाकली. डोळे मिटले.

घरी ती आईला केसांना हात लावू देत नव्हती. दोन वर्षं.

शुभदाने फट बंद केली. बोटाला काटा लागला होता. बीचला काटे नसतात, पण तिला लागला होता.

रात्री जेवताना तिने विचारलं, "वेणी छान घातलीय. कुणी?"

"समतामावशीने. शी इज सो चिल."

"मी चिल नाही का?"

शलाकाने पोळीचा तुकडा मोडला. "आई. डू नॉरमाल." म्हणजे नीट वाग.

श्यामकांत ताटात बघून हसला. तो त्या दिवशीचा शेवटचा विनोद ठरला.

*

रविवारी दिलीपचा फोन आला. मागे मंडपातला गोंगाट, भोंगा.

"वहिनी, दादा म्हणतो तुमच्याकडेपण एसटी आहे?"

"आहे ना भावजी. दोन गावांची मिळून."

"म्हणजे विलीनीकरण?"

"हो."

"मिळालं?" दिलीपचा आवाज बदलला. "आम्ही इथे महिनाभर उन्हात बसलोय त्यासाठी. तुम्हाला किती दिवस लागले?"

"तीन मीटिंगा."

तिकडे बराच वेळ नुसता भोंगा ऐकू आला. "आणि लोक खूश आहेत?"

"मी नाहीये," शुभदा म्हणाली. कोणालाच सांगितलं नव्हतं ते तिने दिराला सांगून टाकलं. पिशवी, फाटक, यादी. फक्त धुण्याचं गाळलं. पिशवीत खेळाचं सामान असतं असं म्हणाली. "माझी जागा गेली भावजी."

"जागा गेली कशी? रुमाल टाकला नव्हता का?"

"काय?"

"वहिनी, अठरा वर्षं तिकिटं फाडतोय मी. एसटीत जागा कोणाची? आधी आलेल्याची नाही. धडधाकट माणसाची नाही. खिडकीतून रुमाल टाकेल त्याची. तुम्ही पाच वर्षं बसलात, पण मध्ये उतरताना रुमाल ठेवला नाहीत. दुसरी बसली. तिचं काय चुकलं?"

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"मी संपावर आहे," दिलीप म्हणाला. "कुणाच्याच बाजूने नाही."

*

चार डिसेंबरला शुभदाने घरची ॲल्युमिनियमची शिडी सायकलला आडवी बांधली आणि मैदानावर नेली. रस्त्यात दोन गाड्यांना थांबावं लागलं. कुंपणापाशी शिडी रोवली, पाय चिखलात बोटभर रुतले, ती पक्की झाली. वरच्या पायरीवरून सगळं मैदान दिसत होतं. लीकच्या शेडमधल्या तीन वर्षांनी कमरेची जी वाट लावली होती ती पायऱ्या चढताना कळली, पण चढल्यावर विसरली.

शर्ट पुन्हा तसेच. सामन्याआधी बाकावर घड्या घालून ठेवलेले. तिने नजर बारीक केली. नंबराने लावलेले होते. एक, दोन, तीन. हीसुद्धा तिची पद्धत होती.

सामना सुरू झाल्यावर समता बाकामागे उभी राहून ओरडत होती. "चल शलाका! पळ पळ पळ!" मराठीत. मैदानात मराठीत ओरडायचा हक्क पाच वर्षं शुभदाचा होता.

"चल शलाका!" शुभदा शिडीवरून ओरडली.

शलाकाने चेंडू थांबवला आणि आजूबाजूला बघितलं. आवाज आभाळातून आल्यासारखा होता. एवढ्यात समोरच्या मुलीने चेंडू नेला आणि गोल झाला. योरिसने कुंपणाकडे पाहिलं. तांबड्या पानांवर मास्क लावलेलं एक डोकं होतं. ते हळूहळू खाली गेलं.

त्या दिवशी सायकलवरून घरी येताना शलाका वीस फूट पुढे राहिली. शिडी मागे खडखडत होती.

"मला शरम वाटली," दारात आल्यावर ती मराठीत म्हणाली. मराठीत ती फक्त महत्त्वाचं असेल तेच बोलायची.

*

बुधवारी दुपारी शुभदा एल्डरलोला गेली. चार किलोमीटर, पूर्ण वेळ समोरून वारा. नाक वाहत होतं. मनात वाक्य तयार होतं. थोडी नीळ मिळेल का. नीळ मागायला कोणी कोणाकडे जाऊ शकतं. त्यात काही नाही.

समताने दार उघडलं. पलीकडे स्वयंपाकघरात मशीन फिरत होती. काचेत पांढरं फिरत होतं. नुसतं पांढरं. लाल चड्ड्या बादलीत वेगळ्या भिजत होत्या. खिडकीत निळीची छोटी बाटली होती.

"या ना ताई. लांब बसूया हं, खिडकी उघडते. लॅबमध्ये दोघं पॉझिटिव्ह निघालेत."

चहा आला. दोघी टेबलाच्या दोन टोकांना, मध्ये बिस्किटांची बशी, जिच्यापर्यंत कुणाचाच हात पोचत नव्हता.

"नीळ हवी होती थोडी."

"अहो सगळी घ्या. आई पाठवते नागपूरहून. आणि ताई, एक विचारू? राग नका मानू." समताने मशीनकडे बोट केलं. "हे तुम्ही पाच वर्षं एकटीनं का केलंत?"

"म्हणजे? मला दिलं होतं."

"एका आठवड्यासाठी दिलं होतं. हे आळीपाळीनं असतं. प्रत्येक घराकडे एक आठवडा. सगळ्या क्लबांत. कुणालाच नको असतं, म्हणून यादी करतात."

शुभदाने कप बशीत ठेवला. बशीचा आवाज झाला.

"तो म्हणाला होता, माख."

"हो, ते तसंच म्हणतात. माझा बॉसपण म्हणतो, समता, तू हे आज संपवू शकतेस. म्हणजे संपव." समता हसली, मग थांबली. "खरं सांगू? मी तुमच्यावर चिडले होते. पिशवी मला द्यायचं ठरलं तेव्हा आमच्या कमिटीचा माणूस दारात आला. दीड मीटरवर उभा राहिला. म्हणतो, हुल्सब्रूकला एक भारतीय बाई आहेत, त्या धुण्याला कुणाला हात लावू देत नाहीत. तुमच्यात हे सन्मानाचं काम असावं. आम्हाला तुमच्या पद्धतीच्या आड यायचं नाही."

मशीनने पाणी सोडलं. दोघींनी तिकडे बघितलं.

"माझी आजी लोकांची धुणी धुवायची, उमरेडला," समता म्हणाली. "आईनं एकच सांगितलं होतं. काय वाटेल ते कर, पण हे आपल्या घरात पुन्हा नको. मी पीएचडी केली. इथे आले. आणि हे बघा." तिने हात पसरले. हात लाल झाले होते. शुभदाचे होते तसेच.

"मग निळीचं काय?" शुभदाचा आवाज तिला स्वतःलाच चिरका वाटला. "नको होतं तर नीळ कशाला घातलीत? घडी कशाला? नंबर कशाला लावले?"

समताने मशीनच्या काचेकडे बघितलं.

"मेधा रोज सांगायची. शलाकाची आई घडी घालते. शलाकाची आई नंबरानं लावते. तुमचे शर्ट हातात घेतले तर एक डाग नाही. म्हटलं, ही बाई कुठूनतरी बघणार आणि नावं ठेवणार. बघितलंतच, कुंपणावरून."

"तुम्ही बघितलंत मला?"

"ताई, तुम्ही शिडीवर होतात."

शुभदाने बिस्किटांकडे बघितलं. "तुम्ही तिची वेणी घातलीत."

"हो. मेधानं केस कापून टाकलेत. म्हणते, वेणी नको. सवय होती हो हाताला."

शुभदाने बाटली उचलली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"लाल चड्ड्या वेगळ्या टाकायच्या, हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं."

"मला वाटलंच," समता म्हणाली. "मी तर तुम्ही सांगितलेलं सगळंच उलट करून बघितलं होतं आधी. एका मोज्यावर."

*

समताने त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर यादी टाकली. पंधरा घरं, पंधरा आठवडे. खाली लिहिलं, आमच्याकडे अशी कुठलीही पद्धत नाही. शुभदाचीही नाही. ज्याच्याकडे पिशवी, तो आत.

वीस मिनिटांनी ग्रुपवर अंगठे यायला लागले. पीटरने लिहिलं, आम्हाला वाटायचं शुभदाला आवडतं.

शुभदाने लिहिलं, आवडतं. मग खोडलं. पुन्हा लिहिलं. शलाका पलीकडे सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, तिच्या फोनवरही तोच ग्रुप उघडा असणार. तिला खरंच आवडत होतं. गुरुवारी वाळलेले शर्ट मांडीवर घेऊन एकेकाची बाही आत मुडपायला, नऊ नंबरची पोरगी दुधाच्या दातांची होती तेव्हापासून तिचा शर्ट मोठा होताना बघायला. पण ते आता सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. तिने अंगठा टाकला.

यादीत पहिला पीटर होता. शुभदा अकरावी. म्हणजे थंडीची सुट्टी धरून एप्रिल.

पीटरने अकरा तारखेला सामन्यानंतर पिशवी ट्रॅक्टरवर टाकून नेली. त्याच्याकडे मोठी मशीन होती, गायींची आचळं पुसायची फडकी धुवायची, नव्वद अंशांवर. त्याने शर्ट, चड्ड्या, मोजे आणि फडकी सगळं एकत्र टाकलं.

*

अठराला थंडी होती. संध्याकाळी सरकार पुन्हा काहीतरी बंद करणार अशी बातमी होती आणि या वर्षातला हा शेवटचा सामना असणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. शुभदा शेडवरून तशीच आली. बुटात पाणी, अंगाला लीकचा वास. शिडी तिने आदल्या दिवशीच कुंपणात आणून ठेवली होती. पुन्हा नेताना शलाकाने बघायला नको म्हणून.

तिने शिडी रोवली. मग आठवलं, सायकलला कुलूप लावायचं राहिलं. तिने खिशातला रुमाल काढला, वरच्या पायरीवर टाकला आणि गेली.

परत आली तेव्हा पिवळा रेनकोट शिडीपाशी उभा होता. समता वरच्या पायरीकडे बघत होती.

"जागा धरलीय का?" तिने विचारलं.

"तुम्हाला आत सोडलं नाही?"

"मी यादीत नाही."

मेंढ्या जवळ आल्या होत्या. आत शिट्टी वाजली. शुभदाने रुमाल उचलला आणि खिशात घातला.

"चढा. सामना संपेपर्यंत नाही हं. अर्धा वेळ तुमचा, अर्धा माझा."

समता चढली. शुभदा खालून शिडी धरून उभी राहिली. समोर फक्त तांबडी पानं.

"काय दिसतंय?"

"गुलाबी."

"काय?"

"सगळ्या गुलाबी आहेत, ताई. मोजेसुद्धा. रेफरी पण हसतोय."

महिनाभर शुभदाने हेच मागितलं होतं, आणि ते बघायला दुसरीच बाई वर होती.

"पीटर काय करतोय?"

"बाकावर बसलाय. ऐटीत. पिशवी मांडीवर घेतलीय."

"मांडीवर कशाला घेतो ती? ओली असते खालून."

"त्याला काय कळतंय," समता म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं ते शुभदाने ओळखलं. महिनाभर तेच तिच्या पोटात होतं.

मध्यंतराची शिट्टी झाली. "उतरा आता," शुभदा म्हणाली.

"थांबा जरा. शलाकाची वेणी सुटलीय. पीटरकडे चाललीय."

"पीटरकडे? त्याच्याकडे कशाला?"

"पिशवी त्याच्याकडे आहे ना." समता टाचा उंच करून बघू लागली. शिडी हलली, शुभदाने ती दोन्ही हातांनी दाबून धरली. "तो रबरबँड शोधतोय. नाहीये. आता पिशवीची नाडी काढतोय."

"माझी नाडी?"

"केस धरलेत त्यानं. एका मुठीत. अगं बाई. गाईची शेपटी बांधतात तसे बांधतोय."

"आणि ती?" शुभदाने विचारलं. "ती काय करतेय?"

समता कुंपणावरून आणखी पुढे वाकली.

"मान मागे टाकलीय," ती म्हणाली. "डोळे मिटून."